पेंढ्यातलं इंजिन

पेंढा घरात आला की लोकांना आंबा आठवतो, मला कीबोर्ड आठवतो. खरंच सांगते! काल सकाळी बाबांनी टेम्पोतून पेंढा उतरवला, मागच्या खोलीत नेताना ओटीभर कुसळं सांडली, आई ओरडली, आणि तो उन्हात भाजलेला कोरडा, जरासा गोडसर वास नाकात गेला मात्र, माझी बोटं आपोआप हलायला लागली. हवेत टाइप करत होते मी. आईने बघितलं आणि म्हणाली, "काय गो, झटका आलाय काय?"

मागची खोली म्हणजे आमची अढीची खोली. जाड चिऱ्याच्या भिंती, खिडकी एवढीशी, बाहेर कातळ तापून भट्टी झाला तरी आत गारवा. जमिनीवर पेंढा पसरायचा, त्यावर हापूसचा थर, परत पेंढा, परत थर. आंबे तिथे गुपचूप पिकत पडतात. मोसमात या खोलीत कुणी उगाच जायचं नाही, हात लावून बघायचं नाही, असा घरचा नियम. आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात, विहिरीच्या पंपासाठी काढलेल्या प्लगला जोडून, दादाचा कॉम्प्युटर होता. घरात तेवढी एकच जागा थंड होती आणि कॉम्प्युटरला थंडावा लागतो असं दादाने बाबांना पटवलेलं. त्यामुळे आमच्या कीबोर्डच्या बटनांत कायम कुसळं. स्पेसबार दाबला की चर्र वाजायचा.

हे दोन हजार सहाच्या मोसमातलं सगळं. माझी दहावीची परीक्षा झालेली. आमच्याकडे दहावी झाली की मुलीला टायपिंगच्या क्लासला घालतात, तशी मलाही घातलेली. रोज एसटीने रत्नागिरीला जायचं आणि मास्तरांची पट्टी चुकवत टाइप करायचं. मला ते इतकं आवडलं की विचारू नका! मी बोलते त्यापेक्षा जोरात टाइप करायला लागले. आणि दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ केदार, इंजिनिअरिंग पास होऊन घरी बसलेला. घरी बसलेला हे गावाच्या भाषेत. तो बसलेला होता हे खरं, पण कॉम्प्युटरसमोर. तो गेमचं इंजिन लिहीत होता. एकटा. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून.

इंजिन म्हणजे काय हे त्याने बाबांना कसं सांगितलं ते मला फार आवडतं. बाबांना वाटायचं गेम म्हणजे गेम, त्यात इंजिन कुठलं? दादा म्हणाला, "बाबा, आपल्याकडे नमनाचा खेळ असतो ना? मृदंग, झांजा, पडदा, मुकुट, रंगाचा डबा, सगळं मंडळाकडे तयार असतं. खेळ दर वर्षी नवा. तसं पडद्यावर माणूस धावतो, पाणी हलतं, भिंतीला आपटला की थांबतो, हे सगळं इंजिन सांभाळतं. त्याच्यावर गेम कुठलाही करा."

बाबा म्हणाले, "म्हणजे तू नाटक नाय करत. तू मृदंग बनवतोस."

"हां!"

"मग वाजवणार कोण?"

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

लाइट तर काय! आमच्याच जिल्ह्यात, पोफळीला, वीज तयार होते आणि तारांवरून आमच्या डोक्यावरून निघून जाते कुठेतरी. भरदुपारी घरातला पंखा बंद. दादा लाइट असेल तेव्हा लिहायचा आणि नसेल तेव्हा वहाणा घालून निघायचा, जयगडला जायचा, धक्क्यावर बसायचा. खाडीचं पाणी समुद्राला मिळतं तिथे नुसता बघत. आई म्हणायची, मुलगा वेडा झालाय, पाण्याकडे बघत बसतो. पण त्याच्या इंजिनातलं पाणी तुम्ही बघायला हवं होतं हो! एक होडी, एक खाडी, बाकी काही नाही. भरती चढायची तेव्हा पाणी आधी कडेने सरकायचं, मग मधे फुगायचं, होडी दोर ताणून वळायची. मी ते बघून म्हणाले होते, दादा, याला खाऱ्या पाण्याचा वास येतोय.

आणि त्याने नावं काय दिलेली! इंजिनाच्या प्रत्येक तुकड्याला नाव द्यावं लागतं. इंग्रजी अक्षरांत लिहायची, पण नावं सगळी आमची. होडी कशाला धडकली, कुठे थांबायचं हे बघणारा तुकडा म्हणजे गडगा. बागेभोवती असतो तो दगडी बांध. रस्ता शोधणारी ती पाणंद. लागणाऱ्या गोष्टी आधीच आणून तयार ठेवणारी ती अढी. आणि मेमरीत पडलेला कचरा ओढून काढणारी ती रापण. अशी शेकड्यांनी नावं. काही तर घरातलीच, बाहेरच्याला कळणारच नाहीत अशी. दादाला विचारलं, अशी का रे नावं? तर म्हणे, "वाचलं की दिसतं मला. इंग्रजी वाचलं की नुसतं वाचलं जातं."

त्याने कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. हा तुकडा काय करतो, तो कुणाला हाक मारतो, काही नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नाही ना! कुठल्या पायवाटेने विहिरीवर जायचं, कुठलं कलम कुठल्या साली लावलं, कुठे पाट्या लावतात काय? विचारा की, सांगतो. माणूस असतो ना घरात.

कर्णिक सर मे महिन्यात आले. पुण्यातल्या एका मोठ्या गेम स्टुडिओत ते तांत्रिक बाजूचे प्रमुख होते. दादाने रत्नागिरीत मारुती मंदिरजवळच्या इंटरनेट कॅफेतून त्यांना पाण्याचा छोटासा नमुना पाठवलेला, आणि त्यांचं उत्तर आलं की गणपतीपुळ्याला सहकुटुंब येतोय, वाटेत तुमचं घर लागत असेल तर बघतो. स्टुडिओ नवीन मोठा गेम सुरू करणार होता, समुद्रातलाच. कुठल्या इंजिनावर करायचा हे ठरायचं होतं. दादा तीन रात्री झोपला नाही. आईने सरबत दोनदा गाळलं.

सर साधे होते हो. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं! पेंढ्यातून उड्या मारत कोपऱ्यात आले, स्टुलावर बसले, आणि पाणी बघितल्यावर पुढे वाकले ते वाकलेच. मधेच लाइट गेली. यूपीएस कुई कुई करायला लागला तरी ते उठेनात.

"हे पाणी कसं केलंस?"

"धक्क्यावर बसायचो सर. बघत."

"कुणी शिकवलं?"

"पाण्यानेच."

मग ते आतलं लिखाण बघायला लागले आणि थांबले. "रापण म्हणजे काय रे?"

बाबा दारातच उभे होते, त्यांना राहवतंय का! "रापण म्हणजे साहेब, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. अख्खी वाडी लागते ओढायला. जे येईल ते येतं, मग वाळूत निवडायचं."

"सर, इथे पण तेच करते," दादा म्हणाला. "मेमरीतलं सगळं ओढायचं, मग निवडायचं."

सर मोठ्याने हसले. "नाव फक्कड आहे! पण माझ्याकडे एक पोरगा गुवाहाटीचा आहे, एक मुलगी कोइमतूरची. त्यांनी हे वाचायचं कसं? कुठे लिहून ठेवलंयस का?"

"मला फोन करायचा ना सर. मी सांगीन."

"आणि तू आजारी पडलास तर?"

आतून आईचा आवाज आला, "आजारी कशाला पडेल? ठणठणीत आहे तो!"

सगळे हसले. सरही. पण हसून झाल्यावर त्यांनी तोच प्रश्न परत दादाला डोळ्यांनी विचारला, मी बघितलं. मग म्हणाले, असं कर, नावं सगळी इंग्रजी कर, जगात सगळे वापरतात तशी. मी पंधरा दिवसांनी टीमसमोर ठेवतो. शब्द नाही देत, पण ठेवतो.

ते पंधरा दिवस! मला काय आनंद झालेला सांगू. माझं टायपिंग कामाला येणार होतं! तयार झालेला आंबा झाडावर, वरून गड्यांचा तुटवडा, बाबा आंबे उतरवायचा झेला घेऊन स्वतः फांदीवर, आणि आम्ही दोघं भावंडं आतल्या खोलीत. दादा बाजूला बसून जुनं नाव वाचायचा आणि नवं सांगायचा. मी खडाखडा टाइप करायची. एका दमात सगळं बदलायची सोय असते, पण दादाने नावं अशी एकमेकांत गुंतवलेली की तसं केलं की भलतंच तुटायचं. म्हणून एकेक. गडगा गेला, कोलिजन आलं. अढी गेली, कॅश आली, पैशातली नव्हे. रापण गेली. सुरुवातीला प्रत्येक नावाला आम्ही हसत होतो. मग हसणं बंद झालं. मग दादाला इंग्रजी नावं सुचेनाशी झाली, कारण त्यातल्या अर्ध्या गोष्टींना इंग्रजीत नावच नव्हतं, त्या त्यानेच केलेल्या. मग तो म्हणायचा, "हॅण्डलर लिही. हॅण्डलर वन. पुढचा हॅण्डलर टू."

बाहेरून बाबांची हाक यायची, "केदाऱ्या, मेल्या, पेटी भरायला कोण येणार? तुझा गुवाहाटीवाला?"

"आलो बाबा!" आणि जायचा नाही. एकदा गेला, घाईघाईत डागी आंबा चांगल्याबरोबर अढीत घातला आणि बाबांचा सगळा थर खराब झाला. बाबांनी ओरडायचं सोडून नासके आंबे एकट्यानेच निवडले. त्याचीच जास्त भीती वाटली.

नावं बदललेली सीडी कुरिअरने पुण्याला गेली. आम्ही वाट बघत बसलो.

उत्तर फोनवर आलं. फोन ओटीवर होता. दादा उभाच होता, आणि आम्हाला एवढंच ऐकू येत होतं: हो सर. हो सर. मग एकदम मोठ्याने, "पण सर, जगातले मोठमोठे स्टुडिओ स्वतःचंच इंजिन वापरतात ना!" मग परत, हो सर.

फोन ठेवून त्याने सगळं सांगितलं, एखाद्या दुसऱ्याच माणसाची गोष्ट सांगावी तसं. टीमला पाणी आवडलं. सगळे उठून बघायला आले. पण ते परदेशातलं तयार इंजिन विकत घेणार. सर म्हणाले, ते तुझ्याहून चांगलं आहे असं नाही. त्यात ढीगभर चुका आहेत. पण त्या चुका सगळ्यांना माहीत आहेत. अडलं तर विचारायला जगभर माणसं आहेत. उद्या जाहिरात दिली तर ते इंजिन येणारी पोरं मिळतात. तुझं येणारा कुठे मिळेल? चित्रं काढणाऱ्या मुलींना बटनं लागतात, माऊसने ओढलं की डोंगर हलला पाहिजे. तुझ्याकडे डोंगर हलवायला तूच लागतोस. आणि परदेशातला पैसे घालणारा पहिलाच प्रश्न विचारतो, कुठल्या इंजिनावर करताय? ओळखीचं नाव ऐकलं की तो पुढचा प्रश्न विचारत नाही. राहिले स्वतःचं वापरणारे मोठे स्टुडिओ. त्यांच्याकडे नुसत्या इंजिनासाठी अख्खा मजला भरून माणसं बसलेली असतात. आपल्याकडे मजलाच एक.

"आणि म्हणाले," दादा म्हणाला, "तुझ्या इंजिनात आम्हाला एकही चूक सापडली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली."

मी चिडले. मी ओरडायलाच लागले, असं कसं, चूक नाही म्हणून नको? बाबा, तुम्ही सांगा की काहीतरी! मला वाटलं बाबा तरी चिडतील. बाबा पायरीवर बसून पेटीला खिळे मारत होते. म्हणाले, "विहिरीवरचा रायवळ कसा लागतो गो तुला?"

विहिरीवर आमचा एक रायवळ आहे, शेंदऱ्या म्हणतो आम्ही त्याला. हापूसला बाजूला ठेवावं असा आंबा, शपथ. पाहुणे तोच मागून नेतात.

"एकदा वाशीला पाठवला होता मी," बाबा म्हणाले. "व्यापाऱ्याने खाल्ला. डोळे मिटले. म्हणाला, शेठ, असा खाल्लेला नाय. आणि म्हणाला, पुढच्या आठवड्याला गाडीभर देशील? आता झाड एक. गाडीभर कुठून देऊ? त्याने चूक काय विचारलं?" आणि खिळा ठोकला. "मी पण नवीन जागेत हापूसच लावलाय. शेंदऱ्या नाय लावला."

दादा हसला. रडला असता तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी आणलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता. हसणाऱ्या माणसाचं काय करायचं?

सरांनी आणखी एक सांगितलं होतं, ते त्याने शेवटी सांगितलं. इंजिन नको, पण तू ये. आंबा संपला आणि दादा पुण्याला नोकरीला गेला. आईने पेढे वाटले. वाडीत सगळे म्हणाले, केदारने नाव काढलं. काढलंच की.

मी तेव्हापासून हा विचार करत आलेय, आणि जितका करते तितकं हातातून निसटतं. कुणावर रागवावं असं कुणी सापडतच नाही. दादा सुट्टीला आला की पुण्याच्या गोष्टी सांगतो. त्या विकतच्या इंजिनाचा एक भाग कुलूपबंद आहे, उघडून बघता येत नाही. अडलं की परदेशात मेल करायची. त्यांचं उत्तर येतं, अतिशय गोड भाषेत, की आपली अडचण आम्हाला माहीत आहे, पुढच्या आवृत्तीत बघू. तोपर्यंत सगळी टीम चहा पिते. मी म्हटलं, मग पुढच्या गेमला बदला की! तर म्हणे, पुढच्या गेमला पण तेच घेतलं. आता सगळ्यांना त्याचे खड्डे पाठ झालेत. नवीन रस्ता बरा असेल, पण खड्डे कुठे आहेत ते कुणाला माहीत? आणि त्याने हेही सांगितलं की बाहेरचा एक मोठा स्टुडिओ स्वतःचं इंजिन सोडून विकतचं घ्यायला निघालाय. का? तर ज्यांनी ते लिहिलं ती माणसं एकेक करून सोडून गेली. इंजिन तिथेच राहिलं, भलंमोठं, सुरू असलेलं, आणि कुणी झाकण उघडायला धजेना.

मी विचारलं, "ती माणसं आजारी पडली?"

"नाही गं," दादा म्हणाला, "दुसरीकडे लागली."

आता मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दादाच्याच कॉलेजात. आणि या वर्षी मी ठरवलंय, प्रोजेक्ट करायचा तो दादाच्या इंजिनावर! वर्गात सांगून पण टाकलं. सगळे बघतच राहिले. बाबांनी मला नवा कॉम्प्युटर घेऊन दिलाय, त्यावर मी ते इंजिन आणलं, सुरू केलं, आणि होडी आली, खाडी आली, पाणी मात्र हलेना. काचेसारखं. होडी काचेत रोवल्यासारखी उभी. मी महिनाभर झगडले. शोधत शोधत एका तुकड्यापर्यंत पोचले, त्याच्यापुढे मला काही कळेना. म्हटलं, जाऊदे, दादा मोसमाला येतोय, एका मिनिटात सांगेल.

काल दादा आला. जेवला, बागेत एक फेरी मारून आला, आणि दुपारी आम्ही मागच्या खोलीत बसलो. मी पेंढ्यावर, तो खुर्चीत. मी तो तुकडा काढून दिला. हॅण्डलर टू.

त्याने वाचलं. परत वाचलं. खुर्ची पुढे ओढली.

"हे कुणी लिहिलंय?"

"दादा! तू!"

"हो, पण हे काय करतंय?"

मला वाटलं मस्करी करतोय. मग मी त्याचा चेहरा बघितला. त्याने तो तुकडा बंद करून बघितला, तर नुसतं पाणीच काय, होडीपण गेली. परत चालू केला. होडी आली. काय करतोय ते कळलं नाहीच, पण त्याच्यावाचून काहीच उभं राहत नव्हतं. दादा नखं खात बसला. तो पुण्यात ज्यांना शिकवतो ती पोरं त्याला सर म्हणतात, आणि त्याला स्वतःची पाच ओळींची गोष्ट वाचता येईना.

"प्राजू," तो म्हणाला, "याचं आधी नाव काय होतं गो? आठवलं तर मला दिसेल. तूच टाइप केलंस ना."

मी डोळे मिटले. खरंच प्रयत्न केला. बोटं कीबोर्डवर ठेवली, म्हटलं त्यांना तरी आठवेल. पण मी ते नाव कधी टाइप केलंच नव्हतं, मी फक्त पुसत होते! ते वाचत होता तो. जुन्या नावांची प्रत आम्ही एका सीडीवर ठेवली होती, ती कपाटातून काढली. चार पावसाळ्यांच्या बुरशीने तिच्यावर पांढरी झाडं काढलेली. पुसली, उन्हात धरली, घातली. नुसतीच घरघरली.

"धक्क्यावर जाऊन बघूया?" मी म्हटलं. "पाणी बघितलं की आठवेल तुला."

"चार दिवसांची सुट्टी आहे, प्राजू. पेट्या भरायच्यात." आणि मग हळूच, "आठवेल असं वाटत नाही."

बराच वेळ आम्ही ते थांबलेलं पाणी बघत बसलो. मग दादाने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. त्या इंजिनात त्याने आजवर कुणासाठी समजावून सांगणारी एक ओळ लिहिली नव्हती. ती पहिली ओळ त्याने काल लिहिली, हॅण्डलर टूच्या डोक्यावर, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत, एकेक बटन शोधत:

हे काय करतं ते माहीत नाही. काढू नये.